बोक चोय कशी ओळखायची, कशी निवडायची आणि परतताना तिचा लगदा का होतो?

प्रश्न असा आहे: चिनी भाज्यांच्या विभागात ‘बोक चोय’ या एकाच पाटीखाली कधी पांढऱ्या देठांची, कधी पूर्ण हिरवी, तर कधी पिवळी फुलं आलेली भाजी दिसते. यातली खरी कोणती? आणि कोणतीही आणली तरी परतताना कढईत पाणी का साठतं? पानं गळून जातात आणि देठ मात्र कच्चेच राहतात, असं का होतं?

दोन्ही गोष्टींचं उत्तर देठात आहे. कोबी-मोहरीच्या या कुळातल्या भाज्यांची पानं फार वेगळी दिसत नाहीत, म्हणून पान बघून भाजी घेणारा हमखास चुकतो. देठ बघून घ्यायची आणि देठ बघूनच शिजवायची.

बोक चोयला पाक चोय किंवा पाक चोईही म्हणतात, भाजी तीच. ही कोबीसारखा गड्डा धरत नाही. सगळे देठ एकाच बुडख्यातून वर येतात, खाली रुंद आणि मांसल असतात, आतल्या बाजूने पळीसारखे खोलगट असतात आणि एकमेकांना बिलगून उभे राहतात. पान गुळगुळीत, लव नसलेलं, कडेला दाते नसलेलं असतं. एवढं जुळलं तर ती बोक चोयच. मग देठ पांढरा असो वा हिरवा, दोन्ही खऱ्या.

पांढऱ्या देठाच्या जातीत देठ चक्क दुधी पांढरा आणि पान गडद हिरवं असतं, दोन्हींमधली सीमा स्पष्ट दिसते. कॅन्टनी स्वयंपाकात हीच जात जास्त दिसते. देठ रसाळ, कुरकुरीत आणि किंचित मोहरीकडे झुकणाऱ्या चवीचा असतो. हिरव्या देठाच्या जातीला बहुतेक ठिकाणी ‘शांघाय बोक चोय’ म्हणतात. तिचा देठ फिकट हिरवा, बुडाशी फुगलेला आणि वर निमुळता असतो. चव सौम्य, गोडसर. पहिल्यांदाच करणार असाल तर माझा कौल हिरवीला, कारण तिच्या देठात आणि पानात शिजण्याच्या वेळेचा फरक कमी असतो आणि अर्धी चिरून अख्खी शिजवली तरी तिचा आकार टिकतो. पांढरीचा मोठा, ३० सेंटीमीटर उंचीचा जुडगा सूपसाठी उत्तम, पण परतायला घेतलात तर देठ आणि पान वेगळं करण्याला पर्याय नाही.

‘बेबी बोक चोय’ ही तिसरी जात नव्हे. कधी ती कोवळी असताना काढलेली असते, कधी मुळातच बुटक्या वाणाची. उंची साधारण १० ते १५ सेंटीमीटर.

पाकिटावरच्या नावांनी गोंधळ वाढतो, म्हणून एवढी लक्षात ठेवा. ‘शांघाय छिंग’, ‘छिंग त्साय’ आणि जपानी दुकानातली ‘चिंगेनसाय’ ही हिरव्या देठाची बोक चोय. फिलिपिनो दुकानातली ‘पेचाय’ हीसुद्धा बोक चोयच. नुसतं ‘बाय त्साय’ लिहिलेलं असेल तर मात्र थांबा. मँडरिन बोलणारे त्या नावाने बहुधा नापा कोबी देतात, म्हणजे पिंपाच्या आकाराचा, फिकट, सुरकुतलेल्या पानांचा बांधीव गड्डा. ‘श्याओ बाय त्साय’ म्हटलं तर बोक चोयच्या जवळपासचं काहीतरी मिळेल.

आता पिवळ्या फुलांची भाजी. ती बहुधा चोय सम. तिला रुंद बुडखा नसतो. बोटापेक्षा बारीक, हिरवा, भरीव दांडा असतो, त्यावर थोड्या थोड्या अंतराने पानं येतात आणि शेंड्याला पिवळ्या कळ्या असतात. त्या कळ्यांसकट ती खातात. तिच्याशी गाय लानची गल्लत होते, पण गाय लानची फुलं पांढरी, दांडा बोटाएवढा जाड आणि पानावर निळसर मेणाचा थर असतो. पाणी टाकलं की थेंब होऊन घरंगळतं. तिची चव जरा कडवट असते. रुंद, वाकड्या, फिकट हिरव्या देठांची गाय चोय ही मोहरीच्याच जातीची आणि चांगली झणझणीत. ती लोणच्यात आणि सूपमध्ये शोभते, बोक चोयच्या जागी वापरली तर जिभेला झटका बसतो. जमिनीलगत चक्राकार पसरलेली, छोट्या गोल गडद पानांची दिसली तर ती तात्सोय.

वनस्पतिशास्त्राचा इथे स्वयंपाकाला थेट उपयोग आहे. बोक चोय, चोय सम, नापा कोबी, तात्सोय आणि सलगम ही सगळी ब्रासिका रापा या एकाच प्रजातीची. म्हणून यातल्या पालेभाज्या एकमेकींच्या जागी चालतात, वेळ थोडी इकडेतिकडे होते इतकंच. गाय लान मात्र ब्रासिका ओलेरासिया, म्हणजे कोबी, फ्लॉवर आणि ब्रोकोलीच्या गटातली. तिचा दांडा कणखर असतो, त्याला जवळपास दुप्पट वेळ द्यावा लागतो आणि जाड असेल तर खालची साल सोलावी लागते.

निवडताना आधी जुडगा उलटा करून बुडखा बघा. कापलेला भाग ओलसर, पांढरट किंवा फिकट हिरवा असेल तर भाजी ताजी. कडेला जरासा तपकिरीपणा चालतो, पण मध्यभाग सुकून पोकळ झाला असेल किंवा बोट लावल्यावर बुळबुळीत लागला तर सोडून द्या. मग बाहेरचा एक देठ हलकेच दाबा. तो टणक लागला पाहिजे. वाकवल्यावर ताजा देठ कट्कन मोडतो, शिळा रबरासारखा वाकतो. (विक्रेत्यासमोर मोडून बघू नका, दाबून कळतं.) पानं पाण्याचे फवारे मारून टवटवीत दाखवता येतात, गेलेला देठ तसा लपत नाही.

मग जुडग्याच्या आत, मध्यभागी डोकवा. मधून उंच दांडा वर आलेला आणि त्यावर कळ्या दिसत असतील तर झाडाला फुलोरा येऊ लागला आहे. चोय सममध्ये हेच हवं असतं, बोक चोयमध्ये ते जून झाल्याचं लक्षण. मधला दांडा चिवट होतो आणि बाहेरच्या देठांत रेषा धरू लागतात. दुसरी काही नसेल तर घ्या, पण मधला दांडा सोलून वेगळा, पातळ चिरा.

पानावर टाचणीच्या टोकाएवढी भोकं असतील तर ती पिसूभुंग्यांनी पाडलेली असतात. चवीला किंवा तब्येतीला काही फरक पडत नाही. पिवळी पडलेली एकदोन बाहेरची पानं काढून टाकता येतात, पण आतलीही पिवळी असतील तर भाजी फार दिवस पडून आहे. देठावर बारीक काळे ठिपके दिसले तर घाबरू नका. नापा कोबीत ते जास्त दिसतात, कधी पांढऱ्या बोक चोयवरही. ती बुरशी नसते, वाढीच्या आणि साठवणीच्या काळात झाडातच होणारा बदल असतो आणि भाजी खाण्याजोगी असते. मऊ, ओले, पसरत जाणारे डाग मात्र कुजण्याचे. बंद प्लास्टिक पाकिटात आतून पाण्याचे थेंब जमलेले असतील तर पाकीट फिरवून मधल्या जुडग्यांची पानं बघा, सड तिथेच सुरू होते.

थंडीतली भाजी सहसा जास्त गोड असते, कारण कडाक्याच्या थंडीत झाड पेशींमध्ये साखर साठवतं. शांघायच्या बाजूला तर हिमकण पडून गेल्यानंतरची बोक चोय आवडीने शोधून घेतात.

किती घ्यायची? सोबतची भाजी म्हणून तीन माणसांना ५०० ग्रॅम. परतल्यावर पानांचा ढीग मूठभर होतो, पण देठ फारसे आटत नाहीत, त्यामुळे पालकाच्या हिशोबाने दुप्पट आणण्याची गरज नाही. बुडख्याची पातळ चकती सोडली तर वाया काही जात नाही.

घरी आणल्यावर धुऊन ठेवू नका. कोरड्या कागदात सैल गुंडाळून, भोकं असलेल्या पिशवीत, फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवा. तीन-चार दिवस छान राहते. सफरचंद आणि पिकलेली केळी शेजारी नकोत, त्यांतून सुटणाऱ्या इथिलीन वायूमुळे पानं लवकर पिवळी पडतात.

धुण्याचा भाग लोक उरकून टाकतात आणि मग दाताखाली कचकच येते. देठांच्या खोलगट भागात, अगदी बुडाशी, पाण्याने उडालेली माती बसते. वरून नळ सोडून ती जात नाही. देठ सुटे करून करणार असाल तर बुडख्याची एक सेंटीमीटर चकती कापा, बाहेरचे देठ आपोआप सुटतील, मग प्रत्येकाच्या आतून बोट फिरवून धुवा. अर्धी किंवा चौथाई चिरून करणार असाल तर बुडख्याचा फक्त सुकलेला पापुद्रा खरवडा, सगळा कापू नका, नाहीतर जुडगा उलगडेल. उभी चिरून मोठ्या भांड्यात पाण्यात बुडवा, बुडाकडचे देठ बोटांनी फाकवत हलवा आणि पाच मिनिटं तशीच राहू द्या. माती तळाला बसते. मग भाजी वर उचलून काढा. भांडं चाळणीवर ओतलंत तर तीच माती पुन्हा भाजीवर पडेल. पाणी बदलून हेच एकदा आणखी करा. मावा किंवा बारीक अळ्या दिसल्या तर पहिल्या पाण्यात दोन लिटरला एक मोठा चमचा मीठ घालून दहा मिनिटं ठेवा.

यानंतर निथळणं. परतण्यासाठी भाजी खरोखर कोरडी हवी. चाळणीत अर्धा तास, किंवा फडक्यात गुंडाळून झटकून.

आता लगदा का होतो ते. बोक चोयमध्ये सुमारे ९५ टक्के पाणी असतं. कढई पुरेशी तापलेली असेल तर बाहेर येणारं पाणी लगेच वाफ होऊन उडतं. नसेल तर ते तळाशी साठतं, आणि साठल्यावर कढईचं तापमान पाणी उकळण्याच्या वर जात नाही. मग तुम्ही भाजी परतत नसता, उकडत असता. याला चार कारणं असतात आणि बहुतेक घरी चारही एकदम असतात: भाजी ओली, भाजी जास्त, आच कमी आणि मीठ लवकर. घरगुती शेगडीवर एका वेळी ३५० ते ४०० ग्रॅमच्या वर घेऊ नका. जास्त असेल तर दोन खेपा करा, उगाच एकदाच सगळी कोंबण्यापेक्षा त्यात वेळही कमी लागतो.

लसूण घालून परतलेली बोक चोय अशी करा. ४०० ग्रॅम भाजी, दीड मोठा चमचा तेल (शेंगदाण्याचं किंवा वास नसलेलं कोणतंही), ४-५ लसूण पाकळ्या ठेचून, आल्याच्या ३ पातळ चकत्या, पाव लहान चमचा साखर, अर्ध्या लहान चमच्याहून थोडं कमी मीठ, चिमूटभर पांढरी मिरपूड. देठ तिरके, साधारण ३ सेंटीमीटरचे चिरा. पानं मोठीच, दोन-तीन तुकड्यांत. देठ आणि पानं दोन वेगळ्या ताटल्यांत ठेवा, कारण एकदा सुरू केलं की निवडत बसायला वेळ नसतो. सगळं मिळून तीन मिनिटांचं काम आहे.

कढई मोठ्या आचेवर हलका धूर दिसेपर्यंत तापवा, मग तेल. आलं-लसूण घालून दहा सेकंद हलवा, वास सुटला की थांबू नका. लसूण तपकिरी होण्याची वाट पाहिली तर देठ शिजेपर्यंत तो करपतो आणि सगळी भाजी कडू होते. ही भाजी कडू लागल्याची तक्रार येते तेव्हा दोष बहुधा लसणाचा असतो. आता देठ घाला आणि दीड मिनिट सतत उलटसुलट करा. देठाच्या कडा अर्धपारदर्शक दिसू लागल्या की पानं, मीठ, साखर आणि मिरपूड एकदम. तीस ते चाळीस सेकंद. पानं गळाली, पण रंग भडक हिरवा आहे, इथेच आच बंद. देठ अजून किंचित कच्चे वाटले तरी उतरवा. ताटलीत गेल्यावरही ते आतल्या उष्णतेने मिनिटभर शिजत राहतात.

देठ जाड असतील तर पानं घालण्याआधी कढईच्या कडेने एक मोठा चमचा पाणी किंवा स्टॉक सोडा. पाणी टाळायला सांगून पाणी घालायला लावतोय हे विसंगत वाटेल, पण एवढंसं पाणी तापलेल्या कडेला लागताच वाफ होतं आणि तीच वाफ देठ शिजवते. चमच्याऐवजी वाटी ओतली तर मात्र पहिले पाढे पंचावन्न. शाओशिंग वाइन (तांदळापासून केलेली चिनी वाइन) असेल तर पाण्याऐवजी तीच घाला. सोया सॉस मी या प्रकारात टाळतो, रंग मळकट होतो आणि भाजीची स्वतःची गोडी झाकली जाते.

शेगडी खूपच मंद असेल किंवा पाहुणे बरेच असतील तर परतण्याच्या नादी लागू नका. उकळत्या पाण्यातून काढून वर सॉस ओतण्याची पद्धत जास्त भरवशाची. यात आधी सॉस, मग भाजी, कारण भाजी ताटलीत थांबली की पाणी सोडते. छोट्या भांड्यात एक मोठा चमचा तेलावर ३ लसूण पाकळ्या बारीक चिरून सोनेरी होऊ द्या. त्यात २ मोठे चमचे ऑयस्टर सॉस, ४ मोठे चमचे पाणी, १ लहान चमचा फिकट सोया सॉस, अर्धा लहान चमचा साखर. उकळी आली की १ लहान चमचा कॉर्नफ्लोअर १ मोठा चमचा गार पाण्यात कालवून घाला, ढवळा, अर्ध्या मिनिटात चकाकी येईल. उतरवून तिळाच्या तेलाचे थेंब. कॉर्नफ्लोअर गरम पाण्यात कालवलंत तर गुठळ्या होणार. ऑयस्टर सॉस कालवांचा असतो. शाकाहारी असाल तर मशरूमपासून केलेला त्याच धाटणीचा सॉस मिळतो. मीठ या पद्धतीत वेगळं घालू नका, दोन्ही सॉस खारट असतात.

भाजीसाठी मोठ्या पातेल्यात दोन लिटर पाणी खळखळून उकळा, २ लहान चमचे मीठ आणि १ मोठा चमचा तेल घाला. तेलाचा पातळ थर पानांवर बसतो आणि भाजी चमकदार दिसते. अर्ध्या चिरलेल्या छोट्या बोक चोय पानांकडून चिमट्यात धरून आधी फक्त देठ पाण्यात बुडवा, ४० सेकंद. मग सगळी सोडून द्या, आणखी २० ते ३० सेकंद. बुडख्यात सुरीचं टोक थोड्या जोरावर आत गेलं की झालं. चिरलेली बाजू खाली करून चाळणीत मिनिटभर निथळवा. ही पायरी गाळली की सॉस पातळ पाणचट होतो. लगेच गरम खायची असेल तर बर्फाच्या पाण्यात टाकू नका, उगाच थंड आणि पाणीदार होते. थंड कोशिंबिरीसाठी किंवा तासाभराने वाढायची असेल तरच गार पाणी, आणि मग हाताने हलकेच पिळून घ्या.

रंग जाण्याचं कारणही सांगून टाकतो. शिजताना भाजीतली आम्लं बाहेर पडतात आणि हरितद्रव्यातला मॅग्नेशियम निघून जातो, मग हिरवा रंग शेवाळी होतो. झाकण ठेवलं की उडून जाऊ शकणारी आम्लं परत भाजीवरच पडतात. म्हणून झाकण नको, वेळ कमी, आणि व्हिनेगर किंवा लिंबू घालायचंच असेल तर ताटलीत. खाण्याचा सोडा घातला की रंग टिकतो, पण देठ बुळबुळीत होतात आणि क जीवनसत्त्वाचं नुकसान होतं. मिनिटभराच्या शिजण्यात त्याची गरजच नसते. जास्त शिजल्यावर येणारा उग्र वास या कुळातल्या गंधकयुक्त द्रव्यांचा असतो, त्यावरही उपाय हाच: कमी वेळ.

सूपमध्ये देठ दोन मिनिटं आधी, पानं आच बंद करताना. नूडल्सच्या वाडग्यात तर पानांवर उकळता रस्सा ओतला तरी पुरतं.

पोषणाबद्दल दोन गोष्टी. १०० ग्रॅम कच्च्या बोक चोयमध्ये साधारण १०५ मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. पालकातही आकडा जवळपास तेवढाच, पण पालकातलं ऑक्झलेट ते कॅल्शियम अडवून ठेवतं, बोक चोयमध्ये ऑक्झलेट अगदी कमी असल्याने ते शरीराला बऱ्यापैकी मिळतं. के जीवनसत्त्वही भरपूर आहे, त्यामुळे वॉरफरिनसारखं रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर एकदम खूप खाणं किंवा एकदम बंद करणं टाळा आणि डॉक्टरांना कल्पना द्या.

कच्ची खाता येते का, हेही लोक विचारतात. कोशिंबिरीत कोवळे देठ थोडे घातले तर काहीच हरकत नाही. पण कच्च्याचा रस रोज पेलाभरून पिण्याचं खूळ नको. २०१० साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये ८८ वर्षांच्या एका बाईंची नोंद छापून आली होती. मधुमेह आटोक्यात येईल या आशेने त्या काही महिने रोज १ ते १.५ किलो कच्ची बोक चोय खात होत्या आणि थायरॉइड अतिशय मंदावल्याने बेशुद्धावस्थेत पोहोचल्या. या कुळातल्या काही द्रव्यांपासून थायरॉइडच्या कामात अडथळा आणणारे घटक तयार होतात. ते घडवून आणणारं एन्झाइम शिजवल्यावर निकामी होतं. ताटात वाढल्या जाणाऱ्या शिजवलेल्या भाजीबद्दल काळजी करण्याचं कारण नाही.

उरलेली परतलेली भाजी दुसऱ्या दिवशी गरम करू नका, पाणीही सुटतं आणि उग्र वासही येतो. फ्रिजमधून काढून निथळवा, तिळाचं तेल आणि थोडं व्हिनेगर घालून थंडच खा. भाजी कच्ची उरली असेल आणि देठ मऊ पडायला लागले असतील तर ती परतायला काढू नका, सरळ सूपमध्ये घाला.